लो डिफ्लेक्शन शाफ्ट म्हणजे काय? पूलचा क्यू घेण्याआधी फोनवर करून बघा ही टेस्ट

मोबाइलवरच्या बऱ्याचशा पूल गेममध्ये स्पिनचा ठिपका पांढऱ्या बॉलच्या उजव्या कडेला सरकवला, तरी नेमाची रेघ जागची हलत नाही. बॉल त्या रेघेवरूनच सरळ जातो आणि स्पिनचा परिणाम दिसतो तो कुशनला आपटल्यावर. फोनवर हजारो फ्रेम खेळलेला मुलगा मग मंचर किंवा नारायणगावात खऱ्या टेबलापाशी उभा राहतो, तशीच उजवी साइड देतो, आणि समोरचा बॉल पॉकेटच्या बाजूला जाऊन आदळतो. नेम तर बरोबर होता. मग चुकलं कुठे?

चुकलं काहीच नाही, गेमने एक गोष्ट शिकवलीच नव्हती. पांढऱ्या बॉलला मध्यभागी न मारता बाजूला मारलं, की तो क्यूच्या दिशेने जात नाही. उजवीकडे मारलं तर थोडा डावीकडे निघतो, डावीकडे मारलं तर उजवीकडे. यालाच डिफ्लेक्शन म्हणतात, जुने खेळाडू आणि अभ्यासक स्क्वर्ट म्हणतात. ‘लो डिफ्लेक्शन शाफ्ट’ म्हणून जे काही विकलं जातं, ते हा फरक कमी करतं. पूर्ण घालवत नाही. शून्य डिफ्लेक्शनचा शाफ्ट अजून तरी कोणी बनवलेला नाही.

परदेशात अशा शाफ्टची किंमत साधारण २०० डॉलरपासून ५०० डॉलरच्या पुढे जाते, आणि इथे येईपर्यंत त्यात आयात शुल्क, टॅक्स आणि कुरिअर मिळतं. म्हणजे एका चांगल्या फोनचे पैसे, तेही फक्त क्यूच्या पुढच्या अर्ध्या भागासाठी. मागचा अर्धा भाग, म्हणजे बट, वेगळाच. एवढा खर्च करण्याआधी त्यातून नक्की काय मिळतं ते नीट समजून घेऊ.

सगळा खेळ शेवटच्या पाच-सहा इंचांचा

क्यूच्या टोकाला चामड्याची टिप असते. तिच्याखाली पांढरी टोपी असते ती फेरूल, आणि मग लाकडाचा किंवा कार्बन फायबरचा शाफ्ट. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात साधारण १ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तुमच्या फोनमध्ये २४० फ्रेमचा स्लो मोशन असेल तर दोन फ्रेममध्ये ४ मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडतं. त्यामुळे ही टक्कर फोनवर दिसतच नाही. एका फ्रेममध्ये टिप बॉलच्या अलीकडे, पुढच्या फ्रेममध्ये बॉल निघालेला.

या एवढ्याशा वेळात होतं काय? बाजूला बसलेल्या फटक्याने बॉल फिरायला लागतो, आणि फिरता फिरता टिपला आडवा ढकलतो. टिप बाजूला सरकते. क्रिया-प्रतिक्रियेचा नियम शाळेत झालाच आहे: बॉलने टिपला उजवीकडे ढकललं, तर टिपने बॉलला डावीकडे ढकललं. टिपकडचा भाग जितका जड, तितका तो सरकायला नकार देणार आणि तितका बॉल जास्त वाकडा जाणार. टोक हलकं असेल तर तेच निमूट बाजूला होतं, बॉल जवळपास सरळ निघतो.

आता प्रश्न असा की ‘टोक’ म्हणजे किती? अख्खा क्यू तर अर्धा किलोच्या आसपास असतो. विहिरीत सोडलेल्या दोराला वरून आडवा झटका देऊन बघा. लाट खाली जाताना दिसते, खालची बादली मात्र लगेच हलत नाही, तिच्यापर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो. क्यूचंही तसंच. टिपला बसलेला आडवा धक्का शाफ्टमधून लाटेसारखा मागे जातो, आणि १ मिलिसेकंदात तो जेमतेम पाच ते आठ इंच पोचतो. तोवर बॉल सुटलेला असतो. त्यामागचं लाकूड, जॉइंट, बटवरची नक्षी, तुमची पकड, ब्रिजचा हात, यांतल्या कशालाच अजून काही कळलेलं नसतं. म्हणून डिफ्लेक्शन ठरतं ते फक्त टिपजवळच्या भागाच्या वजनावर, तेही टिपच्या जितकं जवळ तितका परिणाम जास्त. रॉन शेपर्ड यांनी २००१ मध्ये यावर सविस्तर लेख लिहिला. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक डेव्हिड अल्सियाटोर यांनी पुढे ते प्रयोग आणि गणितासकट मांडलं. या विषयावरचा बराचसा स्वच्छ विचार या दोघांमुळे आहे, जाहिरातींमुळे नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ‘शाफ्ट लवचिक असेल तर डिफ्लेक्शन कमी’ असं टेबलाभोवती हमखास ऐकू येतं. लवचिकतेचा संबंध फार थोडा. कार्बन फायबरचे शाफ्ट हाताला चांगलेच ताठ लागतात, तरी त्यांचं डिफ्लेक्शन कमी असतं, कारण ते आतून पोकळ असतात (सहसा हलका फोम भरलेला असतो) आणि टोक हलकं असतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, तारेच्या जाळीचा आहे. त्यामुळे वजनही वाचतं आणि वाऱ्याचा जोरही. शाफ्ट बनवणाऱ्यांनी वेगळ्या कारणासाठी तेच केलं: जिथे वजन नको तिथून काढून टाकलं.

आकड्यात फरक किती?

सूत्रात साधारण आकडे टाकून हिशेब केला. पूलचा बॉल ५७ मिमी व्यासाचा आणि १७० ग्रॅमचा धरला. साध्या मेपल शाफ्टच्या टोकाचं परिणामकारक वजन ८ ग्रॅम, लो डिफ्लेक्शनचं साडेपाच ग्रॅम. फरक अडीच ग्रॅमचा, रुपयाच्या एका नाण्याएवढाही नाही.

टिप न घसरता जास्तीत जास्त साइड देता येते ती मध्यापासून साधारण १४ मिमीवर, म्हणजे त्रिज्येच्या अर्ध्यावर. तिथे मारलं तर साध्या शाफ्टने बॉल सुमारे २.६ अंश वाकडा जातो आणि लो डिफ्लेक्शनने १.८ अंश. अंशात ऐकायला किरकोळ वाटतं. दीड मीटर लांब जाऊन बघितलं तर पहिला बॉल ६७ मिमी बाजूला पोचलाय आणि दुसरा ४८ मिमी. अख्खा बॉलच ५७ मिमीचा! म्हणजे साइडचा हिशेब न धरता नेम धरला, तर साध्या शाफ्टने समोरचा बॉल पूर्ण हुकू शकतो, आणि महागड्या शाफ्टनेही तो पॉकेटमध्ये जाणार नाहीच. नेम दोन्हीकडे बदलावा लागतो, एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी.

हे गणित जोरात आणि क्यू आडवा ठेवून मारलेल्या शॉटचं आहे. हळू मारलं आणि क्यूची मागची बाजू थोडी वर असली, तर बॉल आधी डावीकडे निघून मग कापडावर वळत वळत उजवीकडे परत येतो. त्याला स्वर्व्ह म्हणतात. जुनं, झिजलेलं कापड आणि नवीन कापड यांत तो वेगळा येतो. त्यामुळे एकाच साइडला हळू शॉटमध्ये वेगळा नेम आणि जोराच्या शॉटमध्ये वेगळा. नवशिका इथे वैतागतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला पुन्हा जिंकले. लो डिफ्लेक्शन शाफ्ट बाजारात यायला त्यानंतर तीन दशकं लागली, प्रेडेटरसारख्या कंपन्यांनी १९९० च्या दशकात ते आणले. तोपर्यंतचे सगळे चॅम्पियन डिफ्लेक्शन गृहीत धरूनच नेम धरत होते. एकाच क्यूने इतकी वर्षं खेळायचे की हिशेब डोक्यात करावाच लागत नसे, हातातच बसलेला असे.

साधा शाफ्ट कधी जास्त माफ करतो

हा भाग विक्रीच्या पानांवर सापडत नाही. समजा तुम्हाला साइड द्यायचीच नाहीये, सरळ मध्यावर मारायचंय. पण हात वाकडा गेला आणि टिप ४ मिमी उजवीकडे लागली. ब्रिजचा हात बॉलपासून २८ सेंमीवर आहे. क्यू ब्रिजवर फिरल्यामुळे तो आता उजवीकडे सुमारे ०.८ अंश रोखलेला आहे. साध्या शाफ्टचं डिफ्लेक्शन बॉलला डावीकडे सुमारे ०.८ अंश ढकलतं. दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि बॉल जवळपास सरळ जातो! लो डिफ्लेक्शन शाफ्ट डावीकडे फक्त ०.६ अंशाच्या आसपास ढकलतो, उरलेली चूक तशीच राहते. दीड मीटरवर ती ६ मिमी होते.

प्रत्येक शाफ्टचं असं एक नैसर्गिक अंतर असतं. ब्रिज तिथे ठेवला की वाकड्या हाताची चूक आपोआप भरून निघते. वरच्या हिशेबात साध्या शाफ्टचं हे अंतर ३० सेंमीच्या आसपास येतं, लो डिफ्लेक्शनचं ४० ते ४५ सेंमी. आपल्यातले बहुतेक जण ब्रिज २५-३० सेंमीवर ठेवतात. म्हणजे ज्याचा स्ट्रोक अजून सरळ झालेला नाही आणि जो साइड क्वचित वापरतो, त्याला साधा शाफ्टच जास्त सांभाळून घेतो. ब्रेकच्या शॉटलाही हाच न्याय. जोर लावताना हात हमखास हलतो, म्हणून ब्रेकसाठी वेगळा लो डिफ्लेक्शन क्यू घ्यायची गरज मला तरी दिसत नाही.

मग तो घ्यायचा कोणी? ज्याचा स्ट्रोक सरळ आहे, जो जवळपास प्रत्येक फ्रेममध्ये मुद्दाम साइड देऊन पांढरा बॉल पुढच्या शॉटसाठी बसवतो, आणि लांबच्या शॉटला साइड द्यायला कचरतो. त्याला नेम कमी हलवावा लागतो आणि अंदाजाची चूकही त्या प्रमाणात लहान होते. हा फायदा खरा आहे.

फोनची टेस्ट

तुमचा स्ट्रोक कुठे आहे हे मित्राला विचारू नका, मोजा. लागतं काय: स्लो मोशनवाला एक फोन, तो धरायला स्टँड, कागदाची पट्टी, पट्टेवाला एक बॉल आणि दुपारच्या रिकाम्या वेळेतलं टेबल.

पट्टेवाला बॉलच पांढऱ्याच्या जागी मारायचा. तो समोरच्या कुशनपासून १५० सेंमीवर ठेवा, पट्टा तुमच्याकडे तोंड करून उभा. पट्ट्याची कड साधारण त्याच १४ मिमीच्या मर्यादेवर येते, त्यामुळे साइड किती दिली ते डोळ्यांना दिसतं. टिपला चॉक भरपूर लावा, म्हणजे फटक्यानंतर बॉलवर निळा ठिपका राहील आणि टिप खरंच कुठे लागली ते कळेल. बॉलच्या बरोबर समोर, कुशनच्या पुढे कापडावर, सेंटिमीटरच्या खुणा केलेली कागदाची पट्टी ठेवा आणि तिचा शून्य बॉलच्या मध्यासमोर येऊ द्या. फोन या पट्टीच्या वर, खाली तोंड करून. बॉलच्या मागे चॉकच्या दोन तुकड्यांचं अरुंद दार करा आणि क्यू त्यातूनच जाऊ द्या. क्यू मूळ रेघेला समांतर सरकवायचा, तिरका करायचा नाही, नाहीतर तुम्ही डिफ्लेक्शन नाही तर स्वतःचा नेम मोजाल. क्यू शक्य तितका आडवा, शॉट जोरात. समोर दुसरा बॉल ठेवायचा नाही, कारण साइडमुळे दोन बॉलच्या टकरीतही दिशा थोडी बदलते आणि हिशेब गढूळ होतो.

उजवीकडे दहा, डावीकडे दहा शॉट. निळा ठिपका भलतीकडे असेल तर तो शॉट धरायचा नाही. व्हिडिओ थांबवून बॉलचा मध्य पट्टीवर कुठे आला ते लिहून ठेवा. १५० सेंमीवर दर २६ मिमीला एक अंश, एवढं गणित पुरतं.

सरासरीवरून शाफ्ट कळतो, पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पसारा. वरच्या हिशेबाने दोन शाफ्टमधला फरक जेमतेम १९ मिमी आहे, तोही पूर्ण साइडला. तुमचेच दहा शॉट जर ६० मिमीच्या पट्ट्यात विखुरले असतील, तर तो १९ मिमी त्यात हरवून जाणार. आधी सरावाने हा पट्टा निम्म्यावर आणा, शाफ्टचा विचार त्यानंतर.

वजनाचं म्हणणं पटत नसेल तर टिपच्या मागे इलेक्ट्रिकल टेप गुंडाळून तीन-चार ग्रॅम वाढवा आणि दहा शॉट पुन्हा मारा. बॉल जास्त वाकडा जाईल. तीच टेप फूटभर मागे सरकवली तर फरक पडणार नाही. टेप क्लबच्या क्यूला लावणार असाल तर मालकाला आधी विचारा.

घ्यायचाच ठरलं तर

जुन्नर-आंबेगावच्या पोरांना बहुतेक वेळा ऑनलाइन किंवा पुण्याला जाऊनच घ्यावं लागतं, त्यामुळे परत करण्याची कटकट मोठी. म्हणून सगळ्यात आधी जॉइंट बघा. बट आणि शाफ्ट जोडणाऱ्या स्क्रूचे प्रकार वेगवेगळे असतात: ५/१६ × १८, ५/१६ × १४, ३/८ × १०, रेडियल, युनी-लॉक. दिसायला सारखे वाटतात, बसत मात्र नाहीत. तुमच्या बटचा स्क्रू कोणता हे माहीत नसेल तर ऑर्डर करू नका. स्वतःचा क्यूच नसेल तर शाफ्टचा प्रश्नच नाही, आधी साधा दोन तुकड्यांचा मेपलचा क्यू आणि चांगली टिप. क्लबमध्ये आज एक काठी, उद्या दुसरी, एकीची टिप गोल तर दुसरीची सपाट. अशाने डिफ्लेक्शनचा अंदाज हातात बसायला जागाच मिळत नाही. रोज तोच क्यू हातात असणं, हा माझ्या मते पहिल्या वर्षातला सगळ्यात मोठा फायदा आहे.

मग जाडी. नेहमीचा पूल शाफ्ट टिपपाशी १३ मिमीच्या आसपास असतो. लो डिफ्लेक्शनचे बरेचसे १२.९ पासून ११.८ मिमीपर्यंत मिळतात. प्रेडेटरच्या रेव्होमध्ये १२.९, १२.४ आणि ११.८ मिमीचे पर्याय आहेत, क्युटेकच्या सिनर्जीमध्ये १२.५ आणि ११.८. बारीक टोक हलकं असतं हे खरं, पण नुसती जाडी बघून निर्णय घेऊ नका. टोकात पोकळी आहे का, फेरूल लांब आणि जड आहे का, यानेही फरक पडतो. स्नूकरचा क्यू टोकाला ९ ते १० मिमीचाच असतो, पण त्याची फेरूल सहसा पितळेची असते आणि पितळ जड. स्नूकरचा क्यू घेऊन पूल खेळणाऱ्यांनी ‘बारीक आहे म्हणजे डिफ्लेक्शन नाही’ असं धरून चालू नये. आणि त्याने पूलचा ब्रेक तर मारूच नये, टिपची वाट लागते.

लाकूड की कार्बन? डिफ्लेक्शनपुरतं बघाल तर लाकडातही चांगले पर्याय आहेत, तुकडे चिकटवून बनवलेले आणि टोकाला पोकळ ठेवलेले. कार्बनचा आपल्याकडचा खरा फायदा वेगळाच: पाऊस. डिंभे धरणाच्या बाजूला किंवा माळशेजच्या वाटेवर राहणाऱ्याला सांगायला नको की जुलै-ऑगस्टमध्ये लाकडाचं काय होतं. ओल धरलेला शाफ्ट वाकतो, टेबलावर लोळवला की टोक उड्या मारतं. कार्बनला ही भीती नाही, खोचाही पडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसला की झालं. लाकडी शाफ्ट घ्याल तर पावसाळ्यात तो भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, कव्हरमध्ये घाला आणि गाडीच्या डिकीत तर अजिबात सोडू नका.

नामांकित ब्रँडच्या नकलाही विकल्या जातात. निम्म्याहून कमी किमतीत कार्बन शाफ्ट मिळत असेल तर विकणाऱ्याला वजन आणि जॉइंटचे फोटो मागा, आणि हातात आल्यावर परतीची मुदत संपायच्या आत वरची टेस्ट करून बघा. जुन्या शाफ्टचे दहा शॉट आणि नव्याचे दहा, सरासरीत फरक दिसला नाही तर परत पाठवा.

एक मात्र आधीच माहीत असू द्या: शाफ्ट बदलला की पहिले काही आठवडे खेळ बिघडतो. जुन्या शाफ्टसाठी डोळ्यांनी शिकलेला हिशेब नव्याला चालत नाही, साइड दिलेले शॉट आता दुसऱ्या बाजूने चुकतात. तालुक्यातली एखादी स्पर्धा तोंडावर असेल तर ती होऊ द्या, मग बदला.